नऊ गाणी आणि वीस गावं : मराठीत रॉक करतोय, थोडं बोलायचंय

घाटरस्ता | १४ जून, रात्री १२:२०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

मी नाशिकचा, वय ३६. अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे, दर तिसऱ्या आठवड्याला रात्रपाळी. आणि गेली अकरा वर्षं एक रॉक बँड चालवतो. चौघं आहोत. गाणी मी लिहितो, गातो, गिटार वाजवतो. सुरुवात सगळ्यांची होते तशीच, इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला इंग्लिश कव्हर्स, मग हॉटेलांमधे हिंदी, कारण पैसे तिथेच मिळतात. मराठीत काही करावं असं तेव्हा डोक्यातही नव्हतं.

मग सहा वर्षांपूर्वी एका रात्रपाळीला दोनच्या चहाला बाहेर आलो. आमच्या शॉपच्या मागे ट्रान्सफॉर्मर आहे, त्याचा तो एकसुरी गुणगुणाट रोजचाच, पण त्या रात्री मशीन बंद पडलं होतं आणि सगळं शांत होतं म्हणून असेल, मी उभ्या उभ्या त्या आवाजावर काहीतरी गायला लागलो, आणि जे तोंडातून आलं ते मराठी होतं. सकाळी घरी येऊन तो सूर गिटारवर शोधला तर सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला सापडला, इंग्लिश जी हा सूर, पण किंचित चढा. नंतर वाचून कळलं की आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो, आणि गिटारवरचा तो जी असतो ९८ चा. मी अख्खी गिटार त्या १०० ला लावली. बेसवाल्याने आधी कटकट केली, मग त्यानेही लावला. आज आमची नऊ मराठी गाणी आहेत आणि सगळी त्याच सुरात आहेत, बाहेरच्या कुठल्याही रेकॉर्डबरोबर ती जुळत नाहीत.

आता मनात काय आहे ते सांगतो. या नऊ गाण्यांचा एक सलग अल्बम करायचाय, सुटं सुटं एकेक गाणं सोडायचं नाहीये. आणि तो घेऊन वीस गावं फिरायचीत. हॉटेलं नाहीत, नाट्यगृहं. सिन्नर, संगमनेर, सांगली, जिथे जमेल तिथे, तिकीट परवडेल असं, आणि लोक खुर्चीवर बसून ऐकतील असं. कारण एकच आहे. माझ्या आईने मला आजपर्यंत एकदाही स्टेजवर ऐकलेलं नाही. मी जिथे वाजवतो तिथे ती येऊच शकत नाही, रात्री साडेदहाला, दारूच्या वासात, बसायला उंच स्टूल. अकरा वर्षं झाली.

मधे एकदा सगळं सोडून द्यायचं ठरवलं होतं. एका शहरातल्या एका कॅफेत वाजवलं, आमचं आम्ही गाडी करून गेलो, तीन तास वाजवलं, आणि ठरलेले पैसे मागितले तर मालक म्हणाला जेवलात ना, आणि एवढ्या लोकांसमोर नाव झालं ना. परतीच्या रस्त्यात गाडीत कोणी काही बोललं नाही. ड्रमरचं तेव्हा नुकतंच बाळ झालेलं होतं आणि ते ३२०० रुपये पेट्रोलचे त्याने घातले होते.

तर विचारायचं हे, की नोकरी करत हे खरोखर होतं का? कोणी केलंय का? आणि मराठीत रॉक ऐकायला लोक येतील का? मनापासून विचारतोय.

—

रंगभवनची_पायरी | १४ जून, सकाळी ७:०५

सकाळी सकाळी फार छान वाचायला मिळालं. मी साठीतला माणूस आहे, गिरगावातला, तेव्हा थोडं जुनं सांगतो.

१९८६ साली धोबीतलावच्या रंगभवनात आय-रॉक हा रॉक महोत्सव सुरू झाला तेव्हा मी कॉलेजात होतो. उघडं थिएटर, पावसाळ्याचे दिवस, दगडी पायऱ्या ओल्या, आणि आम्ही पोरं मराठी माध्यमातली, इंग्लिश गाण्यातले निम्मे शब्द कळायचे नाहीत तरी घसा बसेपर्यंत ओरडायचो. त्या काळात बँड ओळखला जायचा तो कोणाची नक्कल हुबेहूब करतो यावरून. रॉक मशीन या बँडने १९८८ ला स्वतःच्या गाण्यांची रेकॉर्ड काढली तेव्हा आपली पोरं स्वतःचं गाणं लिहू शकतात हेच आमच्यासाठी नवीन होतं. पुढे त्यांनी नाव बदलून इंडस क्रीड केलं. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमात रंगभवनचे कार्यक्रम थांबले, शेजारी हॉस्पिटलं आहेत, ते बरोबरही होतं, पण त्या पायऱ्यांसारखी जागा मुंबईला परत मिळाली नाही.

आणि मराठीतलं म्हणशील तर गायक नंदू भेंडे विसरू नकोस. आत्माराम आणि आशा भेंडे यांचा मुलगा, १९७४ ला अलेक पदमसींच्या इंग्लिश रॉक म्युझिकलमधे ज्यूडास झाला होता, आणि तोच माणूस १९७८ ला थिएटर अकादमीच्या 'तीन पैशाचा तमाशा'त. मराठी नाटकाच्या प्रेक्षकाने, म्हणजे साडी नेसून गजरा माळून आलेल्या प्रेक्षकाने, तो आवाज नाट्यगृहात खुर्चीवर बसून ऐकलाय बाबा. तेव्हा तुझी वीस नाट्यगृहांची कल्पना मला अजिबात वेडगळ वाटत नाही. आपल्याकडे ते एकदा होऊन गेलंय, नंतर कोणी पुढे नेलं नाही एवढंच. भेंडे २०१४ ला गेले. त्यांना तुझा हा धागा आवडला असता असं मला फार वाटतंय.

आईला आण. पहिल्याच प्रयोगाला आण.

—

अंजनवेल | १४ जून, सकाळी ९:४८

मी वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. माझा भाऊ असाच होता. २९ व्या वर्षी चांगली नोकरी सोडली संगीतासाठी, चार वर्षांत लग्न मोडलं, आता शिकवण्या घेतो आणि गिटारला हात लावत नाही. घाटरस्ता, तुम्ही नोकरी सोडू की नको असं सरळ विचारलं नाहीत पण तो प्रश्न खाली आहेच. सोडू नका. पोटासाठी वाजवायला लागलात की जे मागतील ते वाजवावं लागतं, आणि मग ती ट्रान्सफॉर्मरची गाणी राहून जातात. माझ्या भावाचं तेच झालं. त्याची स्वतःची सात-आठ गाणी होती, फार सुंदर होती, ती कुठेच रेकॉर्ड झाली नाहीत. मला अजून दोन पाठ आहेत.

—

ओहायोकर | १४ जून, रात्री ८:३०

अंजनवेल, वाचून गलबलून आलं. ती दोन गाणी तुम्ही मोबाईलवर गाऊन तरी ठेवा, खरंच.

घाटरस्ता, मी कोलंबसला असतो, इथून तासाभरावर डेटन आहे. तिथला रॉबर्ट पोलार्ड हा माणूस तुम्हाला माहीत असावा, नसेल तर आजच ऐका. गाइडेड बाय व्हॉइसेस त्याचा बँड. हा माणूस चौथीच्या पोरांना शिकवणारा शाळामास्तर होता, चौदाएक वर्षं शिकवलं त्याने. संध्याकाळी आणि सुट्टीत मित्रांबरोबर तळघरात चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर रेकॉर्डिंग करायचा. पहिली कित्येक वर्षं गावाबाहेर कोणी ओळखत नव्हतं, रेकॉर्ड स्वतःच्या पैशाने छापायच्या आणि मित्रांना वाटायच्या. १९९२ ला कर्जामुळे आता हा शेवटचाच अल्बम असं समजून त्यांनी ५०० प्रती काढल्या आणि पाचशेच्या पाचशे कव्हरं मित्रमंडळींनी हातानं बनवली, प्रत्येक वेगळं. त्यावरून बाहेर नाव व्हायला लागलं, आणि १९९४ ला 'बी थाउजंड' आला तेव्हा कुठे त्याने शाळा सोडली. वय माहितीये किती होतं? ३६.

तुमचं वय वाचलं तेव्हाच हे लिहायचं ठरवलं. पण मला यात नाव झालं ते महत्त्वाचं वाटत नाही. चौदा वर्षं तो मास्तर असताना रोज लिहीत होता हे मोठं वाटतं. पुढे त्याने शंभराच्या वर अल्बम काढले, ते सुचणं काही शाळा सोडल्यावर सुरू झालेलं नाही.

आणि परवडणाऱ्या तिकिटाचं म्हणाल तर वॉशिंग्टनच्या फुगाझी या बँडने वर्षानुवर्षं पाच डॉलरचं तिकीट ठेवलं होतं आणि कुठल्याही वयाच्या माणसाला आत सोडायचे. म्हणजे पोराबाळांसकट. तुमच्या आईसाठी जे तुम्ही म्हणताय तेच थोडंसं उलट्या बाजूने.

—

तीन_माईक | १५ जून, रात्री १:१०

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहितो. पुण्यात साउंडचं काम करतो, जास्त करून नाटकं आणि जाहिराती.

अल्बमसाठी मोठ्या स्टुडिओत जाऊ नका. नऊ गाणी म्हणजे घड्याळाकडे बघत वाजवणार तुम्ही, आणि ते गाण्यात ऐकू येतं. तुमच्याकडे अकरा वर्षं एकत्र वाजवलेली चार माणसं आहेत, हीच सगळ्यात महागडी गोष्ट आहे, ती विकत मिळत नाही. तेव्हा एक चांगली खोली शोधा, उंच छताची, आणि चौघं एकाच वेळी वाजवा. ड्रम्सना बारा माईक लागत नाहीत. किकला, म्हणजे पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला, एक, आणि वर दोन, ते दोन्ही स्नेअरच्या, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमच्या, मधोमधपासून सारख्या अंतरावर, दोरी धरून मोजायचं. वाटलं तर स्नेअरजवळ चौथा. बेस अँप-माईक न लावता सरळ डीआय मधून, म्हणजे थेट वायरने. गिटारचा अँप शेजारच्या खोलीत ठेवा, दार अर्धवट उघडं. गाणं नंतर वेगळं गा. कानात ठेक्याचं क्लिक लावू नका एवढं ऐका माझं, तुमचा ड्रमर कोरसला किंचित पुढे पळत असेल तर पळू दे.

बाकी ते १०० हर्ट्झचं वाचून मी हेडफोन काढून बसलो. आम्ही आयुष्यभर हाच आवाज रेकॉर्डिंगमधून काढून टाकत असतो, हम म्हणतात त्याला, केबलमधून शिरतो. तुमच्या रेकॉर्डमधे तो शिरला तरी सुरातच असेल. असा अल्बम मी कधी केलेला नाही. पैशाचं नंतर बघू, मला हे करायचंय.

—

मात्रा | १५ जून, दुपारी ३:२२

मराठी शिकवते, सांगलीला. रॉकमधलं मला फार कळत नाही, पण शब्दांचं बोलते. घाटरस्ता, एखादं कडवं टाकाल का इथे?

—

घाटरस्ता | १५ जून, रात्री ११:५५

सगळ्यांचे मनापासून आभार, एकेक वाचतोय. काका, आईला वाचून दाखवलं तुमचं, ती म्हणाली तमाशा नाटक तिने पाहिलेलं नाही पण नंदू भेंडे टीव्हीवर पाहिलेत. तीन_माईक, तुम्ही खरंच म्हणताय का? खाजगी निरोप पाठवलाय.

मात्राताई, हा पहिल्या गाण्याचा कोरस:

झोपलेल्या शहरात मी एकटा जागा आहे
माझ्या आतला आवाज मला शोधतो आहे

—

मात्रा | १६ जून, सायंकाळी ६:४०

स्पष्ट बोलू का? मोठ्या बहिणीसारखं समजा. हे मराठी अक्षरात लिहिलेलं इंग्लिश गाणं आहे. ट्रान्सफॉर्मरखाली उभा राहून चहा पिणारा माणूस तुम्ही धाग्यात इतका जिवंत लिहिलात, तो या दोन ओळीत कुठे गेला? "माझ्या आतला आवाज" हे तुमचं नाही, ते हजार गाण्यांत येऊन गेलंय. आणि प्रत्येक ओळ "आहे"वर संपते, तिथे गायला काही उरत नाही.

दोन गोष्टी सांगते. एक म्हणजे आपण बोलताना शब्दाच्या शेवटचा अ गिळतो. पाऊस म्हणताना स वर थांबतो, पाऊस-अ म्हणत नाही. भावगीतात तो अ लांबवून गातात, ते तिथे गोड लागतं. तुमच्या संगीतात तो अ आला की नाटकी वाटेल, असा माझा अंदाज आहे, तेव्हा जिथे सूर लांबवायचाय तिथे आ, ई, ए, ओ वर संपणारे शब्द ठेवा, आणि जिथे गिटार तोडून वाजते तिथे घट्ट संपणारे, पाऊस, काळोख, भोंग्याचा आवाज, असे. ळ आणि ण आपल्याकडे आहेत, त्यांना वाव द्या.

दुसरं अभंगाचं. मोठा अभंग म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. माझ्या विद्यार्थ्याला विचारलं, तो ड्रम शिकतो, त्याने आठ मोजून दाखवले. आठातली सहा भरली की दोन रिकामी. असं तीनदा. आणि शेवटच्या चरणात चार भरली की चार रिकामी. ही चारची मोकळी जागा तुमच्या गिटारची. वारीत टाळ-मृदंग आणि मागे धरणारे त्या जागा भरतात.

तुमच्याच धाग्यातून घेऊन एक बांधून बघितलं. आवडलं तर घ्या, नाहीतर सोडा.

रात्रपाळी सरे
फाटकाशी चहा
उजाडते पहा
कोणासाठी

—

घाटरस्ता | १७ जून, पहाटे ४:१५

रात्रपाळीवर आहे. ताई, जेवणाच्या सुट्टीत हे मोबाईलवर वाचलं, आणि पार्किंगमधे बाईकच्या टाकीवर बोटांनी ठेका धरून म्हणून बघितलं. "कोणासाठी" नंतरच्या चार मोजत मी गप्प उभा राहिलो तर मागचा ट्रान्सफॉर्मर ऐकू आला. तिथे गिटार नाही लावणार. तिथे काहीच वाजवणार नाही, तो गुणगुणाटच ठेवणार.

जुना कोरस काढून टाकला. सहा वर्षं गात होतो तो. थोडं दुखलं, खोटं कशाला बोलू. बाकीच्या आठ गाण्यांकडेही आता तसंच बघतोय आणि निदान तीन परत लिहावी लागणार असं दिसतंय.

—

खरजातली | १७ जून, सकाळी १०:३०

कोल्हापूरहून. मी बेस वाजवते, बारा वर्षं झाली, दोन पोरं आहेत, शाळेच्या वेळात सराव. धागा लै आवडला.

दादा, एक सांगू का, "कोणासाठी"च्या आधी बेस थांबवा, बरोबर नको. मी आत्ता घरी वाजवून बघितलं, "पहा" वर थांबला तर पोटात खड्डा पडतो. तुमच्या बेसवाल्याला सांगा.

अभंग आणि इलेक्ट्रिक गिटार म्हणाल तर मुंबईचा अभंग रिपोस्ट हा बँड आहेच, संतांचेच शब्द घेऊन ते बास-ड्रम्सवर वाजवतात, आणि पब्लिकमधे कॉलेजची पोरं आणि काका-काकू दोन्ही असतात, मी स्वतः बघितलंय. केरळच्या अवियलने मल्याळममधे २००८ ला अल्बम काढला होता, अक्षर कळत नाही तरी मी पाठ केलाय. तेव्हा भाषा आडवी येत नाही, भाषेला लाजलं की येते. आमच्या बँडमधे अजून तीच भानगड आहे, मराठीत म्हणायचं म्हटलं की दोघं म्हणतात आपलं "मार्केट" कमी होईल, आणि इंग्लिशमधे आमचं मार्केट आहे तरी कुठे!

वीस गावांत कोल्हापूर धरा. केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ ला जळालं तेव्हा आम्ही रात्री रस्त्यावर उभं राहून रडलोय. शाहू महाराजांनी बांधलेलं. पण दुसऱ्या जागा आहेत, मी बघते. जेवायला आमच्याकडे.

—

हिशेबनीस | १८ जून, रात्री ९:२०

व्यवसायाने सीए, त्यामुळे मी पैशाचंच बोलणार. वाचायला रुक्ष आहे पण कलाकार लोक इथेच मार खातात.

घाटरस्ता, स्ट्रीमिंगवर तुमचं एखादं गाणं असेल तर ते वर्षात किती वेळा वाजलं ते बघा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १००० वेळा वाजल्याशिवाय त्या गाण्याला रॉयल्टी धरलीच जात नाही. म्हणजे छोट्या कलाकाराला तिथून उत्पन्न शून्य धरून चालायचं, ती जागा लोकांना सापडण्यासाठी. विकण्यासाठी बँडकॅम्प ही साइट बघा, डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के ते घेतात, वर पेमेंटचा खर्च कापला जातो, बाकी तुमचे. आणि प्रयोगाच्या वेळी दाराशी टेबल टाकून विका, सीडी असो, छापील शब्दांची पुस्तिका असो. पुस्तिका करा असं मी म्हणेन. मराठी माणूस नाटक बघून बाहेर येताना पुस्तक घेतो.

गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्या. आणि कधी सिनेमावाल्यांनी गाणं मागितलं तर घाईत सही करू नका. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीपासून सिनेमात गाणं गेलं तरी गीतकार-संगीतकाराचा पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला वाटा करारात लिहून काढून घेता येत नाही, हे त्यांना माहीत असतं आणि पुष्कळदा आपल्याला माहीत नसतं.

कॅफेचं जे झालं त्यावर उपाय एकच, आधी निम्मे पैसे आणि एक मेल. साध्या मराठीत लिहिलेला मेलसुद्धा चालतो, तारीख, वेळ, रक्कम, साउंड कोणाचा, एवढं लिहा आणि समोरच्याकडून "मान्य" असं उत्तर घ्या.

नाट्यगृहाच्या प्रयोगाला परवानग्या वेगळ्या, भाडं, साउंड, प्रवास. रात्री दहाला लाउडस्पीकर बंद हा नियम बंदिस्त सभागृहाला तसाच लागत नाही, पण संध्याकाळी सहाचा प्रयोग ठेवा. आईंसाठी पण बरं. वीस एकदम धरू नका, तीन करा, हिशेब इथे टाका, आपण बघू.

—

घाटरस्ता | १८ जून, रात्री ११:३०

बघितलं. वर्षात ६४०. बारा महिन्यांत ६४० वेळा कोणीतरी ते लावलं ही संख्या मला आजपर्यंत कमी वाटायची, आज पहिल्यांदा वाटलं की ६४० खुर्च्यांचं नाट्यगृह म्हणजे केवढं असतं.

पुस्तिका करणार. तीन गावं : सिन्नर, संगमनेर, नाशिक.

—

रंगभवनची_पायरी | १९ जून, सकाळी ६:५०

दिल्लीच्या इंडियन ओशनची आठवण झाली हे वाचून. करोलबागेतल्या एका जुन्या घरात ते वर्षानुवर्षं सराव करायचे, आणि २०१० च्या अल्बमला त्यांनी त्या घराचा पत्ताच नाव म्हणून दिला, १६/३३० खजूर रोड, आणि गाणी नेटवर फुकट दिली. १९९० ला सुरू झालेला बँड, वीस वर्षांनी हे करतो. त्यांचा असीम चक्रवर्ती, तबला मांडून गाणारा, २००९ च्या डिसेंबरला गेला होता. त्याचा आवाज त्या घरातल्या गाण्यांत राहिला.

आणि कोलकात्याचा बँड मोहीनेर घोडागुली. १९७५ ला बंगालीत रॉक करायला लागले, तीन छोट्या रेकॉर्ड काढल्या, तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही, पांगले. वीस वर्षांनी कॉलेजची पोरं तीच गाणी गायला लागली. अल्बम कर रे बाबा. अंजनवेलबाईंच्या भावाची गाणी अशीच कोणीतरी पुढे गायली असती, पण ती राहिलीच नाहीत ना कुठे.

—

अंजनवेल | १९ जून, रात्री १०:१५

दोन्ही गाणी मोबाईलवर गाऊन ठेवली आज. भावाला पाठवली. त्याने निळ्या खुणा केल्यात, उत्तर नाही अजून.

—

ओहायोकर | १९ जून, रात्री ११:०२

थांबा. येईल.

—

घाटरस्ता | २४ ऑगस्ट, रात्री १:४०

धागा वर काढतोय. रेकॉर्डिंग झालं!

जागेचं असं झालं की आमच्या ड्रमरच्या सासऱ्यांचं सिन्नर रोडला मंगल कार्यालय आहे, आणि चातुर्मासात लग्नं नाहीत, त्यामुळे हॉल रिकामा. छत उंच, खाली शहाबादी फरशी. तीन_माईक पुण्याहून स्वतःची गाडी काढून आले, दोन दिवस मुक्काम, दोरी खिशात घेऊनच फिरत होते. गाद्या वधूपक्षाच्या खोलीतून आणून भिंतींना लावल्या. गिटारचा अँप भटारखान्यात, मोठ्या पातेल्यांच्या मधे, आणि पातेली गुंजायला लागली म्हणून सगळी पालथी घातली.

एकूण अठरा तास वाजवलं. नऊच्या नऊ गाणी चौघांनी एकत्र. खरजातलीताईंनी सांगितलं तसं बेस "पहा" वर थांबतो, आमच्या बेसवाल्याने पहिल्याच वेळी डोळे मिटले. मात्राताई, शेवटी तीन नाही, पाच गाणी परत लिहिली. एका गाण्यात फक्त घाटातल्या गावांची नावं आहेत, थळ, इगतपुरी, कसारा, बास, आणि वाजवताना ते सगळ्यात जोरात लागतं.

ट्रान्सफॉर्मरचा आवाज मी कारखान्याच्या बाहेरच्या रस्त्यावरून मोबाईलवर घेतला, "कोणासाठी"च्या मागे तोच आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई डबा घेऊन आली. तिला मी टेकचं काही सांगितलेलं नव्हतं. आम्ही पाचवं गाणं वाजवत होतो, मधेच मान वर केली तर ती दाराशी उभी, फरशीवर वाजू नये म्हणून चपला काढून हातात धरलेल्या. गाणं सात मिनिटांचं आहे. ती तशीच उभी राहिली. संपल्यावर म्हणाली आधी जेवून घ्या, मग जेवताना म्हणाली ते मधलं परत वाजवणार आहेस का, मला नीट ऐकायचंय.

सिन्नरचा प्रयोग ठरला, नोव्हेंबरमधे, तुळशीच्या लग्नाच्या आधी, संध्याकाळी सहा. हिशेबनीस, अंदाजपत्रक उद्या टाकतो.

—

अंजनवेल | २४ ऑगस्ट, सकाळी ८:२०

सिन्नरला येणार. दोन तिकिटं, भाऊ येतो म्हणाला.

—

तीन_माईक | २४ ऑगस्ट, दुपारी १२:००

मिक्सला बसतोय आज रात्री. पाचव्याचा दुसरा टेक धरू की तिसरा? तिसरा जास्त स्वच्छ आहे.

—

घाटरस्ता | २४ ऑगस्ट, दुपारी १२:३५

दुसरा. त्यात ३:१२ ला डब्याचं झाकण पडल्याचा आवाज आलाय, तो काढू नका.